भिकुबाईची हरकत

"या भिकुबाईला काडीची अक्कल नाही," नाना म्हणाले आणि भाकरीचा तुकडा असा मोडला, की जणू भिकुबाईचं बोटच मोडत होते.

मी ओट्यापाशी तव्यावरची भाकरी उलटत होते. हात थांबू दिला नाही.

"कोण शे हाई भिकुबाई?" सासूबाईंनी वाटीत ठेचा वाढता वाढता त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"आहे एक. माझ्या कामात चुका काढते."

"कोणता कामात?"

"ॲपच्या. तुला नाही समजायचं."

"बाई शे ना?"

"मला काय माहीत! तिथं कुणी तोंड दाखवत नाही. बाई असेल, बुवा असेल."

"नाव बाईनं, चुका काढस बाईनागत, आणि तुमले माहीत नही बाई शे का बुवा!" सासूबाईंनी ठेच्याची वाटी जरा आवाज करूनच खाली ठेवली.

मी दुसरी भाकरी तव्यावर टाकली. तोंड फडताळाकडे होतं ते बरं झालं. कारण भिकुबाई मी होते.

सावद्याला, माझ्या माहेरच्या गल्लीत, या नावाची एक म्हातारी होती. दारापुढच्या ओट्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, तुझ्या पिशवीचा बंद तुटणार, तुझ्या सायकलची साखळी निघणार, तुझ्या पोराला ताप येणार. लोक चिडायचे. पण बंद तुटायचाच. खातं उघडताना नाव विचारलं तेव्हा मला दुसरं कुणी आठवलंच नाही.

आमच्या घराचं थोडं सांगायला हवं. नाना म्हणजे माझे सासरे, धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकवत होते. निवृत्त होऊन जळगावला आमच्याकडे आले आणि उतारवयात लोक हार्मोनियम शिकतात तसे प्रोग्रामिंग शिकले. स्वतःचं स्वतः, आणि खरोखर चांगलं. माझा नवरा नवल नरडाण्याच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. मी इंजिनिअर, कॉम्प्युटरची. मुक्ता पोटात असताना नोकरी सोडली, ती अजून सुटलेलीच आहे.

म्हणजे एका घरात कोड लिहिणारी दोन माणसं. पण नाना सुनेशी थेट बोलत नाहीत. राग म्हणून नव्हे, रीत म्हणून. त्यांच्या वडिलांनीही कधी सुनेला हाक मारली नाही. स्वयंपाकघराच्या दारात यायचं तर ते आधी दोनदा खोकतात. चहा हवा असेल तर सासूबाईंना सांगतात, आणि मुक्ता झाल्यापासून मुक्ताला. "मुक्ते, तुझ्या आईला सांग, आज चहा छान झालाय." मुक्ता तेव्हा चाळीस दिवसांची होती. ती झोपलेली असायची. निरोप मात्र पोचायचा. मीही मग मुक्तालाच सांगायचे, "मुक्ता, आजोबांना विचार, अजून घेतात का?"

लग्नात नानांनी सगळ्या पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं होतं, सून कॉम्प्युटरची आहे. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. होणार कसा? मुक्ताला अजून बोलता येत नव्हतं.

आता ॲप. त्याचं नाव 'पाळणा'. नानांचा धुळ्याचा एक विद्यार्थी, हसीब, त्याने ते सुरू केलं. बाळाची जन्मतारीख आणि गाव टाकायचं. लसीची वेळ आली की आईच्या फोनवर आवाज येतो, ताई, उद्या बाळाला घेऊन या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येतं. धुळे-जळगावकडच्या बऱ्याच गावांतल्या आया ते वापरतात. सगळं काम फुकट आणि उघड्यावर, कुणीही आत येऊन हातभार लावावा. आपण बदल सुचवायचा, बाकीच्यांपैकी दोघांनी तपासून 'मंजूर' म्हणायचं, की तो ॲपमध्ये जातो. एकाने जरी 'बदल हवा' असं लिहिलं, तर गाडी थांबते. तो माणूस स्वतःहून हात मागे घेईपर्यंत थांबते, नाहीतर हसीबने मालक म्हणून वरून ढकलावं लागतं.

मी ते मुक्तासाठी फोनवर घेतलं होतं. मग सवयीने आत डोकावले. मुक्ता झाल्यापासून मला कुठल्याही खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतं ते काय गिळता येईल ते. बटण, शेंगदाणा, रिमोटमधला सेल. पाहुणे बसायच्या आधी मी त्यांच्या शर्टाची सैल बटणं पाहते. कोड वाचतानाही माझं तसंच होतं. कुठे काय घशात अडकेल तेवढं दिसतं. मुक्ता दुपारी झोपली की मी भिकुबाई व्हायचे आणि इकडच्या तिकडच्या चुका दाखवायचे. लोक आभार मानायचे. कुणी अंगठा दाखवायचं. दिवसभरात मला 'आई' सोडून दुसऱ्या नावाने हाक मारणारे तेवढेच.

तिथे एक गंमत माझ्या लवकरच लक्षात आली. बाकी कुणाचा बदल आला की लोक चार दिवस लावत, शंका काढत, वाद घालत. नानांचा आला की दोन मिनिटांत, "नमस्कार सर, मंजूर." "सर, आपलं काम म्हणजे प्रश्नच नाही, मंजूर." निम्मे जण त्यांचे विद्यार्थी. एकदा नानांनी तीनशे ओळी टाकल्या आणि चहाचा कप रिकामा व्हायच्या आत पाच जणांनी मंजुरी दिली. वाचून नव्हे. सरांच्या पाया पडायचे तसे ते मंजुरी देत होते. आता पाया पडताना पायाकडे कोण निरखून बघतं?

आणि त्या बुधवारी नानांनी बाजाराचा बदल टाकला.

कल्पना नानांची, आणि कल्पना फार चांगली. गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी बायका बाळाच्या लसीसाठी येत नाहीत. येणार कशा? आठवड्याची भाजी, मीठमिरची, विकायचं ते विकणं, सगळं त्याच दिवशी. तेव्हा लसीचा दिवस आणि बाजाराचा दिवस एकच आला, तर ॲपने दिवस बदलून द्यावा. इथपर्यंत मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पुढची ओळ वाचली आणि टाळ्या थांबल्या. नानांनी दिवस पुढे ढकलला नव्हता. एक दिवस अलीकडे ओढला होता.

ज्यांना नाना माहीत आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. उशीर हा शब्द नानांना सोसतच नाही. गाडी पकडायची तर ते इतके आधी जातात की तिच्या आधीची गाडी जाताना पाहून येतात. लग्नाला जातात तेव्हा मांडववाले खुर्च्या उतरवत असतात.

मुक्ताच्या दीड महिन्याच्या लसीचंही तसंच केलं होतं. सव्वा महिना सावद्याला काढून मी नुकतीच जळगावला परतले होते. नाना म्हणाले, मुक्ते, तुझ्या आईला सांग, आजच जाऊन येऊ, उद्या गर्दी असते. मी मुक्ताला म्हटलं, आजोबांना सांग, तारीख उद्याची आहे. पण रिक्षा दारात उभी होती. दवाखान्यात नर्सबाईंनी कार्ड पाहिलं आणि परत दिलं. "दीड महिना पूर्ण कुठे झालाय? उशीर झाला तर देता येते, लवकर नाही देत आम्ही. उद्या या." नाना घरी येईपर्यंत तणतणत होते. त्या बाईला जेवायला जायची घाई होती, दुसरं काही नाही, असं त्यांनी आल्यागेल्याला महिनाभर सांगितलं.

आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. पण आदल्या दिवशी रांगेत आमच्यामागे एक बाई होती. खेड्यावरून आलेली, काळीपिवळी जीपमध्ये बसून, मजुरी बुडवून, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ घेऊन. कुणीतरी चुकीची तारीख सांगितली होती. तिलाही नर्सबाई 'उद्या' म्हणाल्या. ती नुसती हसली. "सकाय परत कशी येऊ, बाई?" दुसऱ्या दिवशी मी रांगेत मान वळवून वळवून तिला शोधलं. आली नव्हती. ते बाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता नानांची ती एक ओळ गेली असती, तर बाजाराच्या दिवशी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची आई अशी एक दिवस आधी येऊन परत गेली असती. कारण दीड महिन्याची लस म्हणजे पुरते सहा आठवडे. बाळ ज्या वारी जन्मतं, त्याच वारी ती येते. नवी आवृत्ती सोमवारी सुटायची होती.

तोवर चार मंजुऱ्या आल्या होत्या.

मी 'बदल हवा' दाबलं आणि लिहिलं: "आदरणीय सर, कल्पना उत्तम. फक्त एक नम्र शंका. दिवस आधी घेण्याऐवजी नंतर घेतला तर बरं होईल का? सहा आठवड्यांआधी लस देत नाहीत. चूकभूल द्यावी घ्यावी."

उत्तर आलं: "धन्यवाद. जे लिहिले आहे ते विचार करून लिहिले आहे."

पुढच्या खोलीतून खाकरल्याचा आवाजही आला. उत्तर डोळ्यांनी वाचायचं आणि कानांनी ऐकायचं, हे भाग्य फार थोड्या लोकांना मिळतं.

मी लिहिलं: "सर, विचाराबद्दल शंका नाही. तारखेबद्दल आहे."

"एका दिवसाने काही बिघडत नाही. आळशी कर्मचाऱ्यांसाठी आपण ॲप बदलायचे नसते."

"सर, कर्मचारी आळशी असो वा नसो, आई परत जाते. परत गेलेली आई पुन्हा येत नाही."

"आपण कोण, काय शिकलात, हे कळेल काय?"

"सर, तारखेला ते ठाऊक नसतं."

हे शेवटचं पाठवल्यावर मी जीभ चावली. रात्री भाकरीचा तुकडा मोडला गेला तो त्यामुळे.

नवलला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं. "नानांना आजवर कुणी असं बोललं नाहीये. आईसुद्धा नाही. तू चालू ठेव," म्हणाला. त्याला म्हणायला काय जातं? तो नरडाण्याला.

इकडे सासूबाईंची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्याजवळ आल्या. मुक्ताला मांडीवर घेऊन मी तिच्या मुठीतला कागदाचा बोळा काढत होते.

"दिपमाला, तू कॉम्प्युटरनी शे ना?"

"हो आई."

"मंग देखी सांग माले. हाई भिकुबाई कोठली शे, वय किती शे, नवरा शे का नही."

"आई, असं नाही दिसत त्यात."

"बठ्ठं दिसस. शेजारनी भावजय सांगे, फोनमा बठ्ठं दिसस." त्यांनी आवाज खाली आणला. "काल त्यासनी तीन डाव चष्मा पुसा. लगीनआधी माले पाहाले उनथात तवय एकबी डाव पुसा नव्हता."

मी म्हटलं, "आई, भांडतायत ते तिच्याशी."

"मन्हासंगे भांडतस का कधी? नही ना? मंग!"

मला स्वतःवरच पाळत ठेवायचं काम मिळालं होतं. मी म्हटलं, बघते.

शुक्रवारपर्यंत बाकीच्या लोकांना कळलं, की कुणी भिकुबाईने सरांना अडवलंय. लग्नात कुणीतरी नवरदेवाच्या आजोबांना खुर्चीवरून उठवावं तशी शांतता पसरली. कुणी माझी बाजू घेईना, कुणी कोडही वाचेना. एकाने लिहिलं, "ताई, सरांचा अनुभव बोलतो." दुसऱ्याने नुसते हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. हसीबने मला एकटीला निरोप पाठवला. "भिकुबाई, तुमचा मुद्दा असेल काही. पण जरा सौम्य घ्या. सर आहेत."

"मुद्दा वाचलात का?"

"सोमवारी सोडायचंय. एवढी घाई आहे. सर आहेत हो."

"सर आहेत म्हणूनच कुणी वाचत नाहीये."

आणि रविवारी सकाळी तो सरळ आमच्या दारात उभा.

धुळ्याहून पहिल्या बसने आला होता. हातात त्याच्या अब्बांच्या भट्टीची नानखटाई, पाठीवर लॅपटॉप. तिशीचा असेल, पण नानांपुढे खुर्चीच्या कडेला असा बसला, की अजून तोंडी परीक्षाच चालू आहे. मी दाराआडून आधी त्याच्या शर्टाची बटणं पाहिली. घट्ट होती. मग स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

"सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," हसीब म्हणत होता. "असे लोक असतात ऑनलाइन. चेहरा नाही, नाव खोटं. मी आत्ता तुमच्यासमोर तिची हरकत वरून काढून टाकतो. तेवढ्यासाठीच आलो."

"नको नको," नाना म्हणाले. पण ते 'नको' आपण दुसऱ्या लाडवाला म्हणतो तसलं होतं.

"नाही सर. उद्या आवृत्ती सुटणार. दोन मिनिटांचं काम."

माझ्या कानात ते 'दोन मिनिटं' घुसलं. शब्दांनी आता काही होणार नव्हतं. एकच उपाय होता, टेस्ट. म्हणजे एक खोटं बाळ बनवायचं, त्याची माहिती ॲपला द्यायची आणि ॲप काय तारीख देतं ते सगळ्यांना दाखवायचं. चूक असेल तर तिथं लाल फुली येते, आणि ती कुणाच्या पाया पडत नाही. मी रात्रीपासून ते लिहायचं म्हणत होते, पण मुक्ताचा दात येत होता आणि तिने मला हलू दिलं नव्हतं.

लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला. मुक्ता कमरेवर. एका हाताने लिहायला लागले. गाव? सावदा, बाजाराचा वार मला झोपेत विचारला तरी सांगेन. बाळ? मुलगी. जन्मतारीख? इथे बाजाराचा दिवस होता अशी एक तारीख हवी होती, आणि कॅलेंडर उघडायला वेळ नव्हता. बोटांना जी तारीख पाठ होती ती त्यांनी लिहिली. चहा उतू गेला. मुक्ताने माझा कान ओढला. मी पाठवून दिलं.

पुढच्या खोलीत दोन फोन एकदम वाजले.

"बघा सर," हसीब वैतागून म्हणाला, "पुन्हा तीच. टेस्ट टाकलीय आता." थोडा वेळ लॅपटॉपच्या बटणांचा आवाज. मग त्याचा सूर जरा बदलला. "सर... लाल येतंय."

"वाच," नाना म्हणाले. त्यांचा वर्गातला आवाज.

मी चहाची गाळणी हातात धरून उभी होते. हसीब एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागला.

"बाळ, मुलगी. जन्म, अकरा मार्च. गाव सावदा, बाजाराचा दिवस. ॲपने बोलावलं, सहा आठवडे पुरे व्हायच्या आदल्या दिवशी. दवाखान्याने परत पाठवलं."

गाळणी माझ्या हातातून ओट्यावर पडली. अकरा मार्च! सावदा! सगळ्या जगातल्या तारखा सोडून मी आपली मुक्ताच तिथं नेऊन ठेवली होती.

पुढच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, नानखटाई खाता खाता, अगदी खुशीत.

"आवं माय! आपली मुक्ताबी अकरा मार्चनीच शे! सावदानीच! बाजारना दिनलेच व्हयनी!"

हसीब नानांकडे बघत असणार, नाना स्क्रीनकडे. मी भिंतीकडे बघत होते. आणि मग सासूबाईंच्या डोक्यात जे उजाडलं ते आम्हा तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

"आते माले सांगा," त्यांचा आवाज चढला, "त्या भिकुबाईले आपली पोरनी तारीख कशी माहीत? गाव कसं माहीत? दवाखानातून परत उनात ते कसं माहीत?"

"पुष्पा, पाहुणे बसलेत..."

"तुम्हीच सांगं ना तिले? घरनं बठ्ठं सांगतस का तिले?"

नानांनी एवढंच म्हणायचं होतं, अगं, ती आत चहा करतेय. एका वाक्यात ते सुटले असते. सूनबाई चोरून सासऱ्याच्या चुका काढते, चारचौघांत उलट उत्तरं देते, हे त्या घरात, त्या नानखटाईच्या बशीसमोर उघडं पडलं असतं. पुढे किती वर्षं ते पुरलं असतं ते मला माहीत आहे. आमच्याकडे शेजारच्या लग्नात वरणात मीठ जास्त झालेलं अजून निघतं.

नाना खोकले.

"हो," ते म्हणाले. "मीच सांगितलं असेल. बोलता बोलता निघालं असेल."

"बोलता बोलता!" सासूबाई उठल्या त्या सरळ मागच्या अंगणात गेल्या आणि तिथून बादली आपटल्याचा आवाज आला.

हसीब इतका हळू बोलला की मला कान दारावर लावावा लागला. "सर, मग हरकत वरून काढू का?"

"हसीब, तू ती ओळ वाचली होतीस?"

"सर..."

"मंजूर म्हणायच्या आधी वाचली होतीस?"

"नाही सर."

"बाकीच्या तिघांनी?"

"सर, तुमचं काम म्हटल्यावर..."

"माझी नात गेली असती परत," नाना म्हणाले. मग खालच्या आवाजात, जणू कुणीतरी ते त्यांच्याकडून सोडवून घेत होतं, "गेली होतीच."

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दाराशी दोनदा खोकल्याचा आवाज आला. मी पदर-बिदर घेत नाही, पण लॅपटॉपवर पोळ्यांचं फडकं टाकलं. नाना दारात उभे राहिले. माझ्याकडे नाही, मुक्ताकडे बघत. मग एकदा पिठाच्या डब्याकडे बघितलं. फडक्याखाली उजेड दिसत होता.

"मुक्ते," ते म्हणाले, "तुझ्या आईला सांग, चहा उतू गेला तरी चालेल, घाई नाही." मुक्ताने त्यांच्याकडे हात केले. "आणि तुझ्या आईला ती भिकुबाई कधी भेटली, तर तिलाही म्हणावं, दिवस पुढे ढकलतोय. मागे नाही."

मी हसू दाबलं. मी म्हटलं, "मुक्ता, आजोबांना सांग, भेटली तर सांगेन." मग राहवलं नाही म्हणून, "आणि म्हणावं, 'तारखेला ते ठाऊक नसतं', हे तिने लिहायला नको होतं."

"नको कसं?" नाना मुक्ताला म्हणाले. "तेवढंच एक वाक्य शुद्ध होतं."

त्यांनी जेवायच्या आधी ती ओळ बदलली. लाल जाऊन हिरवं झालं आणि भिकुबाईने लिहिलं, "वाचलं. मंजूर." हसीबने जाताना आतल्या बाजूला बघून "वहिनी, चहा एकदम भारी होता" म्हटलं, चहा त्याला मिळालाच नव्हता तरी. सोमवारी आवृत्ती वेळेवर गेली. पण त्याआधी नानांनी सगळ्यांना एक सूचना धाडली: "ज्यांनी न वाचता मंजुरी दिली त्यांनी माझ्या जुन्या तीनशे ओळी वाचून प्रत्येकी एक तरी चूक काढावी. चूक न काढणाऱ्यास शून्य." आठवडाभर बिचारे घाबरत घाबरत लिहीत होते, सर, क्षमा असावी, तिथे एक कंस जास्त वाटतो; सर, लहान तोंडी मोठा घास, पण हे दोनदा मोजलं जातंय. नाना प्रत्येकाला 'शाबास' म्हणत होते आणि आतून जळत होते. खोकल्यावरून मला कळायचं.

सासूबाईंनी मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनाही आता मुक्ताच लागते. "मुक्ता, तुन्हा आजलाले सांग, ताट वाढेल शे." भिकुबाईला एक दिवस भरीत खायला बोलवायचंच असं त्यांनी मनात घेतलंय, समोरासमोर काय ते होऊन जाऊ दे म्हणून. वांगी कुठून आणायची तेही ठरलंय. नाना म्हणतात, ती लांब राहते. नवल म्हणतो, तू बस ना पाटावर, पोटभर खा. मी ठरवलंय, वांगी येऊ देत. त्या दिवशी मीच त्यांच्या शेजारी बसेन आणि कानात सांगेन. हसतील का बादली आपटतील ते तेव्हा बघू.

मधल्या काळात मला धीर आला. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या चुका दाखवत होते, स्वतःचं काही टाकलं नव्हतं. बाळाला ताप आला तर काय बघायचं, दवाखान्यात कधी न्यायचं, असा एक भाग मी मुक्ताच्या झोपांमधून तुकड्यातुकड्यांनी लिहिला. मला वाटत होतं तो फार सुंदर झालाय. काल दुपारी तो टाकला. तासाभरात उत्तर आलं.

"आदरणीय भिकुबाई, कल्पना उत्तम. काही नम्र शंका आहेत." आणि खाली शंका. वाचायला पान सरकवता सरकवता बोट दुखलं. चौथ्या ओळीत घाई दिसते. नवव्या ओळीत भीती दिसते, प्रत्येक तापाला दवाखाना सांगितला तर खरा ताप कोण ओळखणार? हे नाव असे का? हे दोनदा का? शेवटी, "बदल हवा. चूकभूल द्यावी घ्यावी."

सगळ्या शंका बरोबर होत्या. त्याचाच राग आला. मी लॅपटॉप मिटला आणि संध्याकाळच्या भाकरीचं पीठ घेतलं. उंडा परातीत ठेवला आणि थापायला लागले.

पुढच्या खोलीतून दोनदा खोकल्याचा आवाज आला.

"मुक्ते," नाना म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आज भाकरी फार जोरात थापली जातेय."